माझी चाळणी, तिचा हात

बुधवार, ८ ऑक्टोबर २००८. खंडेनवमी

आज ऑफिसात यंत्रांची पूजा झाली. आमचा जयसिंग उरवड्याचा. वीज, एसी आणि पूजा ही तिन्ही खाती त्याच्याकडे. त्याने सर्व्हरच्या खोलीत प्रत्येक पेटीला चिकटपट्टीने झेंडूचं फूल लावलं आणि हळदकुंकू बाहेरच्या पत्र्याला बोटभर. आत एक कण गेला तर ऋषिकेश सर मलाच आत घालतील, म्हणाला.

माझ्या सर्व्हरचं नाव मुळा, नदीवरून. आठ वर्षांपूर्वी मी जिंतूरहून इथे टायपिंगला आले, तेव्हा मला लिनक्स हे कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. एक जाडजूड पुस्तक दोनदा वाचून शिकले. आता मुळावर रोज सकाळी चालते ती स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, माझ्या हातची आहे. विलायतेतली एक कंपनी फ्रिज आणि ओव्हन विकते. त्यांच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींची फाइल नऊ वाजता येते, आठ-नऊ लाख ओळींची. धूर, ठिणगी, शॉक, जळका वास अशा अर्थाचे चारशे इंग्रजी शब्द माझी स्क्रिप्ट त्यात शोधते आणि धोक्याच्या तक्रारी बाजूला काढते. चाळीस मिनिटांत. सगळे तिला शारदाताईंची चाळणी म्हणतात. एक वाजेपर्यंत यादी तिकडे पोचली पाहिजे, कारण तेव्हा त्यांची सकाळ होते.

सगळे पेढे खायला गेले तेव्हा मी मागे थांबले. जयसिंगने मशीनला फूल दिलं, मग मी काय द्यावं? माझ्या लॉगिनमध्ये एक ओळ घातली आणि भाषा मराठी केली. लॉगिन केलं की पहिल्यांदा वार दिसेल अशीही सोय केली. पडद्यावर आलं, बुधवार. जयसिंगला दाखवलं तर तो म्हणाला, “लई भारी, ताई. मशीन घरचं झालं.” मला खरंच भरून आलं.

परत आले तर माझ्या वाटचा पेढा क्षितिजाने कागदात गुंडाळून ठेवलेला. ही सप्टेंबरात लागली. सांगलीची, इंजिनिअर, वय तेवीस. अजून सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आहे, पण सर तिला वाक्यावाक्याला “गुड” म्हणतात. मला आठ वर्षांत तीनदा म्हणाले असतील, मोजलेत मी.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

काल दसऱ्याची सुट्टी. आज चाळणी नऊला सुरू केली आणि दोन वाजून दहा मिनिटांनी संपली. पाच तास. मला वाटलं घड्याळ बिघडलं. तिकडून मेल आलं की यादी कुठे आहे. सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि घड्याळ बघत राहिले, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

क्षितिजा दोनदा विचारून गेली, ताई काही मदत करू का. मी नको म्हटलं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आजही पाच तास. फाइल नेहमीएवढीच आहे. शब्द तेवढेच. स्क्रिप्टमध्ये मी जूनपासून एक अक्षर बदललेलं नाही.

सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. अमेरिकेत बँका बुडतायत त्याचे शिंतोडे हिंजवडीपर्यंत आले आहेत. दिवाळीनंतर या कामावर एकच माणूस राहील, दुसरीला ते कुठे बसवतील हे त्यांनाही माहीत नाही, कदाचित कुठेच नाही. “जी हे काम वेळेत देईल, ती राहील,” असं ते म्हणाले. म्हणताना बघत होते माझ्याकडे.

काम वेळेत देत होतेच की मी. ही येईपर्यंत.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

घरीही सुटका नाही. घोटावड्यात धोंडाबाईच्या घरामागच्या तीन खोल्यांपैकी एकीत मी चार वर्षं राहते. शेजारची खोली रिकामी होती ती गेल्या महिन्यात क्षितिजाला मीच मिळवून दिली. एवढी अक्कल मला कुठून सुचली कोण जाणे. आता कंपनीची गाडी दोघींना एकत्र घेते, दोघींना एकत्र सोडते.

आज आलो तर धोंडाबाईने थालिपीठ आधी तिला वाढलं, लोण्याचा गोळाही तिला मोठा. म्हणाली, “पोरगी वाळलीय गं.” मी काय टरारले आहे? चार वर्षांत माझ्या लोण्याकडे कुणी असं बघितलं नाही. जळतं ते जळतं, वहीत तरी खोटं कशाला लिहू.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सगळं पाहिलं. डिस्क भरलेली नाही. मेमरी मोकळी. दुसरं कुठलं काम मशीनला ओरबाडत नाही. फाइलचे चार तुकडे केले, तरी तेवढाच वेळ. मशीन बंद करून सुरू केलं. फाइलमधल्या पहिल्या हजार ओळींवरच चाळणी चालवली तर हजार ओळींनाही ती जीव खात होती. शोधायची आज्ञा आहे ग्रेप, ती तर विजेसारखी चालते, पुस्तकात तसं लिहिलंय. आता तीच खुरडतेय.

पुस्तक आज पुन्हा काढलं. मुखपृष्ठ निघालंय.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहून ठेवते.

माझी चाळणी चालू असताना क्षितिजाने सरांना विचारून तीच चाळणी, तीच फाइल, त्याच मुळावर, पण तिच्या लॉगिनमधून चालवली. एकेचाळीस मिनिटं. सर मोठ्याने म्हणाले, “गुड, व्हेरी गुड.” मजल्यावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

मी तिची स्क्रिप्ट आणि माझी स्क्रिप्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. एका टिंबाचा फरक नाही. वर माझंच नाव. म्हणजे माझ्या पोटचं पोर माझ्याकडे हातपाय आपटतं आणि तिच्या मांडीवर शहाण्यासारखं झोपतं. रडू आलं, बाथरूममध्ये जाऊन आले.

ती म्हणाली, ताई, मी काहीच केलं नाही, नुसती चालवली. नुसती चालवली. हेच तर झोंबतं. काही केलं असतं तर मी शिकले तरी असते.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सरांनी सकाळचं काम क्षितिजाकडे दिलं, “तात्पुरतं.” मी माझ्या लॉगिनमधून काय चुकतंय ते शोधायचं.

मी लॉगिन केलं तेव्हा ती मागे उभी होती. पडद्यावर शुक्रवार आलं. तिने विचारलं, “ताई, हे मराठीत कसं आलं?” क्षणभर मला बरं वाटलं, खंडेनवमीची सगळी हकीकत सांगितली. ती हसली नाही. पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली तुमच्या लॉगिनमधल्या सेटिंग्ज एकदा बघू का. मी म्हटलं, माझ्या लॉगिनला मी कुणाला हात लावू देत नाही. कपाट उघडून दाखव म्हटल्यासारखं झालं हे. ती आपल्या जागेवर गेली.

संध्याकाळी गाडीतून उतरताना तिने घडी केलेला कागद माझ्या हातात दिला आणि पळालीच. घडी थोडी सुटली होती, वरची ओळ दिसली, “ताई, रागावू नका.” पुढे वाचलं नाही. माफीनामे मला नकोत. कागद या वहीत खुणेला घातलाय, तेवढाच उपयोग.

धोंडाबाईला मी हकीकत सांगितली, तिला कळेल तशी. मशीन एकच, काम एकच, पण माझ्या हाताला चालत नाही आणि तिच्या हाताला चालतं. ती धार काढायला म्हशीखाली बसली होती. म्हणाली, “आमची म्हस बी तशीच हाय. दसऱ्याला नवं लुगडं नेसून बसले तर पान्हा चोरला तिनं. हात त्योच, पर लुगडं नवं ना. तू काय नवं करून गेलीयास का तिच्यापाशी?” मी म्हटलं, मशीनला लुगडं कळत नाही हो. ती म्हणाली, “म्हशीला तरी कुटं कळतंय?”

या बाईला सगळं म्हशीवरून समजतं.

सोमवार, २० ऑक्टोबर

शनिवार-रविवार विचार केला. मशीनमध्ये असं ठरवता येतं की अमक्याचं काम आधी, तमक्याचं मागे. क्षितिजाला लागल्यापासून मुळावर जादा अधिकार दिलेत, मला ते तीन वर्षांनी मिळाले होते. तिने माझं लॉगिन मागे टाकलं असेल तर? पुरावा नाही. पण ती आली आणि हे झालं, एवढं तरी खरं आहे ना?

सरांना मेल लिहिलं. मुद्देसूद लिहिलं, ‘गोपनीय’ म्हणून. माझ्या मते क्षितिजाने मुळावर फेरफार केले आहेत, तिचे अधिकार तपासावेत. पाठवण्याआधी पंधरा मिनिटं बोट बटणावर होतं.

पाठवलं.

बुधवार, २२ ऑक्टोबर

क्षितिजाचं लॉगिन बंद केलं, चौकशी होईपर्यंत. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, काचेतून दिसत होतं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. तिने सरांना एवढंच सांगितलं म्हणे की ताईंना विचारा, त्यांना माहीत आहे. काय उद्धटपणा बघा. मला काय माहीत आहे? माहीत असतं तर पाच तास घासत बसले असते का?

सरांनी मला विचारलंही नाही. म्हणाले, मंदीत मला भांडणं नकोत.

आज पुन्हा माझ्या लॉगिनमधून. पुन्हा पाच तास. तिकडून कडक मेल आलं. यादी येईपर्यंत कुणा म्हातारीच्या ओव्हनमधून धूर निघत होता, तिची आदल्या दिवशीची तक्रार आजच्या फाइलमध्ये होती. म्हातारी वाचली. हे वाचल्यावर मला जेवण गेलं नाही.

गाडीत ती खिडकीशी आणि मी दाराशी.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

सकाळी निघताना धोंडाबाई गोठ्यातून येत होती. अंगावर जुनंच, विटकं लुगडं. म्हणाली, म्हस आता देतीय नीट.

ऑफिसात लॉगिन केलं. पडद्यावर आलं, गुरुवार.

मी त्या शब्दाकडे बघत बसले. नवं लुगडं. तिच्यापाशी मी काय नवं करून गेले होते? खंडेनवमीला ती ओळ घातली, आणि त्यानंतरच्या पहिल्याच कामाच्या दिवशी चाळणी बसली. दोन आठवडे रोज सकाळी पहिल्यांदा हाच वार मी वाचत होते आणि खूश होत होते.

भाषेची ओळ काढून टाकली. पुन्हा लॉगिन केलं, वार इंग्रजीत आला. चाळणी चालवली. एकोणचाळीस मिनिटं.

कारणही पुस्तकात सापडलं, मागच्या पानांत, जिथे मी कधी गेले नव्हते. साध्या इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक घर. मराठी भाषा लावली की एक अक्षर दोन-तीन घरांचंही असू शकतं, मग बिचारी ग्रेप प्रत्येक घराशी थांबून विचारते की इथे अक्षर संपलं का. नऊ लाख ओळी, चारशे शब्द. फाइलमध्ये एकही मराठी अक्षर नाही, तरी ती विचारत राहते. क्षितिजाच्या लॉगिनमध्ये ती ओळच नव्हती.

मशीनचा दोष नाही, चाळणीचा नाही, तिचा तर नाहीच.

सर आले. मी म्हटलं, झालं सर. कशात होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सेटिंगमध्ये. कुणी केलं ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

अडतीस मिनिटं. तिकडून आभाराचं मेल. सर मला चक्क दोनदा “गुड” म्हणाले. हेच हवं होतं ना मला? तर मग गोड का लागत नाही?

दुपारी त्यांनी क्षितिजाला सांगितलं की दिवाळीनंतर येऊ नका. प्रोबेशनवरच्या माणसाला काढायला कारण लागत नाही. मला सांगितलं, हे काम तुमचंच.

ती टेबल आवरत होती. मला विचारलं, “ताई, शेवटी कशात होतं?” मी म्हटलं, “डिस्कमध्ये.” ती म्हणाली, “असं होय.” आणि माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मीच नजर वळवली.

तिला घरी धाकट्या भावाचं शिक्षण आहे, हे मला आज जयसिंगकडून कळलं. पाच आठवडे शेजारच्या खोलीत राहते, मी कधी विचारलंच नव्हतं.

शनिवार, २५ ऑक्टोबर. वसुबारस

धोंडाबाईने शेजारची गायवासरू आणून ओवाळलं. आरतीचं ताट तिने क्षितिजाच्या हातात दिलं, माझ्या नाही. पुन्हा जळले. मग स्वतःचीच लाज वाटली. उद्या जायचं आहे पोरीला, माझ्यामुळे, आणि मी ताटावरून जळतेय.

आत्ता लिहायला वही उघडली तर खुणेचा कागद खाली पडला. यावेळी उघडला. जसाच्या तसा उतरवते.

“ताई, रागावू नका. तुमच्या लॉगिनमध्ये जी मराठी भाषेची ओळ आहे तिच्यामुळे ग्रेप हळू होते असं मला वाटतं. माझ्या लॉगिनमध्ये मराठी लावून पाहिलं, तसंच झालं. पण ती ओळ काढू नका, फार छान आहे. चाळणीच्या अगदी वर एक ओळ घाला की ही स्क्रिप्ट साध्या भाषेत चालव. मग वार मराठीत दिसेल आणि काम चाळीस मिनिटांत होईल. मी सरांना काही सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा, चाळणी तुमची आहे. कॉलेजात मला हे कुणी शिकवलं नव्हतं, तुमची स्क्रिप्ट वाचून शिकले. क्षितिजा.”

खाली तारीख सतरा ऑक्टोबर.

म्हणजे मी मेल पाठवलं त्याच्या तीन दिवस आधी. “ताईंना विचारा, त्यांना माहीत आहे.” तिला वाटलं होतं की मी वाचलंय.

शेजारून बॅगेच्या चेनचा आवाज येतोय. दार चार पावलांवर आहे. उठले आणि परत बसले.

रविवार, २६ ऑक्टोबर

तिची सांगलीची गाडी अकराची. रिक्षा दारात आली. धोंडाबाईने डबा बांधून दिला, डोळे पुसले. मी बॅग उचलून रिक्षात ठेवली, तेवढंच जमलं.

ती रिक्षात बसली आणि हळूच विचारलं, “ताई, मी दिलेला कागद तुम्ही वाचला होता?”

मी म्हटलं, “तेव्हा नाही वाचला.”

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतके दिवस तो तसा नव्हता हे मला तेव्हा दिसलं. म्हणाली, “मग ठीक आहे. मला वाटलं, वाचून तुम्ही…” आणि बॅग जवळ ओढून घेतली. मला म्हणाली, दिवाळीच्या शुभेच्छा, ताई.

नोकरी गेली तिची, आणि ठीक आहे म्हणते. रिक्षा वळणापलीकडे गेली तरी मी फाटकाशी उभी. धोंडाबाई म्हणाली, “हितं उभी राहून काय व्हनार हाय?” खरंच होतं ते.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सर येण्याआधी दोन ओळी घातल्या. माझ्या लॉगिनमध्ये मराठीची, जिथे होती तिथेच. आणि चाळणीच्या अगदी वर, माझ्या नावाच्याही वर, क्षितिजाने सांगितलेली. पडद्यावर आलं, सोमवार. चाळणी सुरू केली आणि केबिनमध्ये गेले.

कागद सरांसमोर ठेवला. सगळं सांगितलं. फूल, ओळ, मेल, डिस्क. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, “तुम्हाला हे कधी कळलं?”

“गुरुवारी.”

“आज सोमवार आहे.”

“हो, सर.”

त्यांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, या कामावर एकच माणूस राहणार, ते मी बदलू शकत नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. नोव्हेंबरपासून मी खालच्या मजल्यावर, टायपिंगच्या तपासणीला. जिथून वर आले तिथेच. डिसेंबरनंतरचं ते सांगू शकत नाहीत. पण चाळणीवरचं माझं नाव काढायचं नाही एवढं मी मागितलं, ते हो म्हणाले.

चाळणी संपली. चाळीस मिनिटं, मराठीसकट.

सरांनी माझ्यासमोरच सांगलीला फोन लावला. मी उठायला लागले तर त्यांनी हातानेच बसा म्हटलं. फोनवर म्हणाले, “क्षितिजा, अगं तुझ्या शारदाताईंनी सगळं सांगितलं. दिवाळी करून ये, काम तुझी वाट बघतंय.” पलीकडे ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग फोन माझ्यापुढे धरला. तीच म्हणाली, “ताई, वार मराठीत येतो का अजून?”

मी म्हटलं, येतो.

अगं म्हणाले सर तिला. आठ वर्षांत इतक्या गोड आवाजात माझ्याशी ते एकदाही बोललेले नाहीत. पुन्हा जळलं, अगदी तिथेच बसल्या बसल्या. पण मी तिला लगेच फोन ठेवू दिला नाही. तिची खोली तशीच ठेवायला धोंडाबाईला सांगते, असं मीच तिला सांगितलं.